तिसरी सही

रविवारी घरात मटण शिजायचं आणि वैशालीने पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसायचं, असा रिवाज गमऱ्यांच्या घरात गेल्या दीड वर्षात पडून गेला होता. कारण संधिवाताची शनिवारची गोळी. घ्यायची आठवड्यातून एकदाच, पण दुसऱ्या दिवशी पोटात असं ढवळायचं की फोडणीचा वाससुद्धा नको व्हायचा. गोळी सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, कुठला वार धरताय? वैशालीने पटकन शनिवार सांगितला. रविवारी तिची सुट्टी असते. आजारी पडायचं तर सुट्टीच्या दिवशी पडावं, कामाच्या दिवशी ते परवडत नाही. बाईंना ते फार समजूतदारपणाचं वाटलं. वैशालीला त्यात समजूत कसली ते कळलं नाही. बाकी काय करणार होती ती?

त्या रविवारी मात्र अजून भाकरीचं पीठसुद्धा मळलं नव्हतं आणि नम्रता पिशवी घेऊन निघाली होती.

"एक किलो आणायला सांगितलंय आजीने," ती चपला घालत म्हणाली.

तीन बायकांचं घर, त्यातली एक खाणार नाही. एक किलो कुणासाठी?

"कोण येतंय?"

"काका आणि हर्षू." नम्रताने आईकडे न बघता लिफ्टचं बटण दाबलं. "मला नको विचारू. आजीने फोन केला होता. मला काल रात्री सांगितलं."

वैशाली खुर्चीत तशीच बसून राहिली. बावीस मजले खाली बीडीडीच्या उरलेल्या चाळी दिसत होत्या. त्यातल्याच एका खोलीत ती सून म्हणून आली होती, तिथेच तिचा नवरा अभय गेला, आणि आता पाडकामाची हिरवी जाळी तिथपर्यंत येऊन पोचली होती. नव्या घराचं कौतुक करायला पाहुणे आले की सासूबाई त्यांना खिडकीतून समुद्राची पट्टी दाखवायच्या. वैशालीला विचारलं असतं तर तिने नळ दाखवला असता. चाळीतला नळ पिळावा लागायचा. हा नळ दांडीचा होता, कोपराने ढकलला तरी पाणी यायचं. मनगटं सुजलेली असली की माणसाला समुद्रापेक्षा नळ मोठा वाटतो.

मिलिंदभावजी येणार म्हणजे नोकरीचं बोलणं निघणार, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. महिनाअखेरीला भिवाभाऊ निवृत्त होत होते.

भिवाभाऊ म्हणजे वैशालीचे कामावरचे जोडीदार. सफाई खात्यात रस्त्याचा एक तुकडा दोघांत असतो, एकाने झाडायचं, दुसऱ्याने भरून गाडी ओढायची, आणि आलटूनपालटून करायचं. लालबागच्या बाजारामागचा तुकडा या दोघांकडे होता. गेली दोन वर्षं त्यात आलटूनपालटून काही उरलं नव्हतं. झाडायचे ते भिवाभाऊच. वैशाली गाडी ढकलायची, तीही हातांनी नव्हे, दोन्ही कोपरं दांडीवर टेकवून. मुकादम फेरीवर यायच्या वेळेला मात्र ती झाडू हातात घ्यायची. बांबूच्या दांडीला भिवाभाऊंनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून दिली होती, मनगटाएवढी जाड, कारण बारीक वस्तू तिच्या मुठीत राहतच नव्हती. पाच मिनिटं ती झाडायची. मुकादम वळला की भिवाभाऊ काही न बोलता झाडू काढून घ्यायचे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दोघांचं काम करायचा आणि वर म्हणायचा, "मला व्यायाम लागतोच, ताई."

आता ते जाणार. नवा जोडीदार येणार, तो कशाला कुणाचं झाडेल?

---

मिलिंद बारा वाजता आला, हातात केळी आणि काखेत प्लॅस्टिकची फाईल घेऊन. मागून त्याचा मुलगा हर्षवर्धन, पाठीवर त्याची ती पार्सलची चौकोनी पिशवी. रविवारची दुपार म्हणजे त्याच्या धंद्याची वेळ. ती सोडून तो आलेला बघून वैशालीला फाईलमध्ये काय आहे ते कळलंच.

"जय भीम, वहिनी. हात कसे आहेत?"

"जय भीम. आहेत."

याआधी भावजींनी कधी हातांची चौकशी केली नव्हती. कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. घरातल्या तिघींनी ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं. वैशालीने सासूकडे पाहिलं. सुंदराबाई पातेल्यावरचं झाकण सारखं करण्यात गुंतल्या होत्या आणि ते झाकण आधीच सारखं होतं.

जेवणं झाली. मिलिंदने मटणाची स्तुती केली, घराची केली, लिफ्टची केली. वडाळ्याला भाड्याच्या खोलीत दहा वर्षं काढलेल्या माणसाने दुसऱ्याच्या लिफ्टची स्तुती करावी हे ऐकायलाही जड जातं. वैशालीने दहीभात चमच्याने खाल्ला. चमच्याच्या दांडीला नम्रताने कापड गुंडाळून शिवलं होतं. ते हर्षवर्धनने पाहिलं आणि पटकन नजर ताटात घातली.

हात धुऊन झाल्यावर मिलिंदने फाईल उघडली.

"वहिनी, आडपडदा नको. आईने मला सगळं सांगितलंय. पहाटे साडेतीनला उठता तुम्ही. गरम पाण्यात हात घालून बसता, तेव्हा कुठे सहापर्यंत बोटं वळतात. बरोबर?"

"बरोबर."

"साडेसहाला हजेरी. म्हणजे नोकरीच्या आधी तीन तासांची दुसरी नोकरी. किती दिवस चालणार हे? भिवाभाऊ गेले की कुणीतरी तक्रार करणारच. मग तपासणी, चौकशी. नोकरी गेली तर कुणाची गेली? तुमची एकटीची नाही. आईने एकतीस वर्षं झाडलं, तिच्या जागेवर दादा लागला, दादाच्या जागेवर तुम्ही. घरातली नोकरी आहे ती. घरातून जायला नको, एवढंच माझं म्हणणं."

"मग?"

"वैद्यकीय कारणावरून तुम्ही बाहेर पडा. आपल्यात वारसाला जागा मिळते, तुम्हाला काय मी सांगायचं. नम्रता शिकलेली, ती काय झाडू घेणार नाही. तिने ना हरकत दिली की हर्षूचं नाव लावता येतं. तुम्हाला पेन्शन सुरू. शिवाय हर्षू लिहून देईल, काकूला सांभाळीन म्हणून. हो ना रे?"

"हो," हर्षवर्धन म्हणाला. मग जरा थांबून, "काकू, न लिहिता पण सांभाळीन."

हे तो खरं बोलत होता. म्हणूनच वैशालीला राग धरता येईना. पोरगा चांगला होता. बारावीनंतर सहा ठिकाणी कामाला लागला, सहाही ठिकाणी कंत्राट संपलं. आता उन्हातान्हात लोकांची जेवणं पोचवत फिरत होता. मागच्या महिन्यात त्याची बाईक घसरली, तर त्याने आधी पार्सल उचललं आणि मग स्वतःचा गुडघा बघितला, असं नम्रताने हसत हसत सांगितलं होतं. त्या हसण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"आई," वैशाली वळून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत?"

सुंदराबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण मान अजून ताठ. "मीच सांगितलं. चोरून कशाला सांगू? फोन करून सांगितलं."

"आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. पण तुला वाटतं मी झोपलेली असते? तू बादली ठेवतेस, तिचा आवाज होतो. मग तू पाण्यात हात घालतेस तेव्हा तोंडातनं एक हुंकार काढतेस. रोज. तुला कळत पण नाय. दोन वर्षं ऐकतेय मी ते, वैशाली. मी माझ्या मिलिंदची नड म्हणून नाय बोलावला त्याला. मला ते ऐकवत नाय आता."

विश्वासघात म्हणावा तर त्याच्या आत ही एवढी माया, आणि माया म्हणावी तर समोर फाईल उघडी. वैशालीला एकदम खूप दमल्यासारखं झालं. सांध्यांचं दुखणं लोकांना कळतं, डोळ्यांना सूज दिसते. पण या आजाराबरोबर जो थकवा येतो तो कुणाला दाखवता येत नाही. कुणीतरी आतला दिवाच मालवावा तसा तो यायचा, आणि बरोबर अशाच वेळी यायचा.

"मी घेते नोकरी," नम्रता म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. दिवसा एका विमा कंपनीत फोनवर बोलायची, संध्याकाळी लॉ कॉलेज. दुसरं वर्ष.

"तू गप्प बस," वैशाली म्हणाली.

"का गप्प बसू? मुलगी आहे तुझी. पहिला हक्क माझा आहे ना? मग मी घेते. मम्मी घरी बसेल. काकांनाही बोलायला जागा नको आणि आजीलाही."

"नमू, डोकं फिरलंय का तुझं?" मिलिंदचा आवाज चढला. "एलएलबी करून झाडू मारणार?"

"हर्षू बारावी करून मारेल ते चालेल तुम्हाला?"

हर्षवर्धन मान खाली घालून म्हणाला, "माझं चालेल गं. नोकरी आहे. कायम आहे. तुला नाही कळणार."

"नम्रता," वैशालीने एवढंच म्हटलं, पण असं म्हटलं की पोरीने पुढचा शब्द गिळला. ती दहा वर्षांची असताना एकदा सफाईच्या हजेरी चौकीवर आली होती आणि आईचा झाडू उचलून खेळायला लागली होती. वैशालीने तिला सगळ्यांदेखत मारलं होतं. आयुष्यात तेवढं एकदाच. मायलेकींपैकी कुणीही ते विसरलेलं नव्हतं.

"मग तो अर्ज काढ," नम्रता खालच्या आवाजात म्हणाली. "तीन महिने झाले. ड्रॉवरमध्ये पडलाय."

"कसला अर्ज?" मिलिंदने विचारलं.

"बदलीच्या कामाचा. काका, कायदा आहे. नोकरीत असताना माणसाला अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही. झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं, त्याच पगारावर. चौकीत हजेरी लिहायचं असेल, दुसरं काही असेल. मी सगळं लिहून ठेवलंय, डॉक्टरांचे कागद जोडलेत. मम्मीने फक्त सही करायची."

"आणि तपासणीत सांगितलं की कुठलंच काम झेपणार नाही, तर?"

"तर वारसाचा रस्ता आहेच ना? तो कुठे पळून जातोय?"

"कायदा तुझ्या पुस्तकात चालतो, पोरी," मिलिंद म्हणाला. "अर्ज करून लोकांच्या वर्षानुवर्षं फेऱ्या चालू असतात. तोवर हर्षूचं वय निघून जाईल."

वैशाली ऐकत होती. अर्ज तीन महिने का पडून होता, ते तिने पोरीलाही सांगितलं नव्हतं. त्यात वरच्या ओळीत एक शब्द होता, अपंग. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर अकराव्या महिन्यात ती झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, तेव्हा लोक तिला बिचारी म्हणाले. ते तिने झाडून टाकलं. पावसात, तापात, गणपतीच्या दहा दिवसांत ढीगच्या ढीग उपसले. आता स्वतःच्या सहीने स्वतःला हे नाव द्यायचं? शिवाय आणखी एक गोष्ट होती, अगदी साधी. तिला सही करता येत नव्हती. जानेवारीत बँकेत प्रयत्न केला, पेन दोनदा पडलं, मागच्या माणसाने उचलून दिलं, तशी ती पैसे काढायची स्लिप तिथेच टाकून घरी आली होती.

"वहिनी." मिलिंदने आता आवाज खाली आणला. तो मुळात भांडखोर माणूस नव्हताच. "आईच्या वेळेला दादाचं नाव लावलं. तेव्हा माझी गिरणी बंद पडून सहा महिने झाले होते. तरी मी ना हरकतीवर सही केली. म्हटलं, मोठा आहे, लग्नाचा आहे. दादा गेल्यावर सगळे म्हणाले, मिलिंद, आता तुझा नंबर. मी परत सही केली. तुमच्या पदरात लेकरू होतं. दोनदा सही केली मी, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आता एकदा तुम्ही करा."

खरं होतं ते, अक्षर न् अक्षर खरं. वैशालीने सासूकडे पाहिलं. सुंदराबाई भिंतीवरच्या नवऱ्याच्या, शामरावांच्या फोटोकडे बघत होत्या. आपल्या बाजूने त्या आज काही बोलणार नाहीत, हे वैशालीला कळलं.

"द्या," ती म्हणाली. "कुठे करायची?"

"मम्मी!"

"दमलेय गं मी. द्या, भावजी."

मिलिंदने कागद टीपॉयवर सरळ केला, खाली फाईल धरली, पेनाचं टोपण काढून दिलं. वैशालीने पेन घेतलं. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणायचं, एवढंच काम. ती दोन बोटं एकमेकांकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. पेन घसरून कागदावर पडलं. तिने पुन्हा उचललं. या वेळी मुठीत धरलं, लहान मूल खडू धरतं तसं. शाईची एक तिरपी रेघ उठली आणि पेन लवंडून जमिनीवर गेलं.

"राहू दे, राहू दे," मिलिंद घाईघाईने म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "एवढा त्रास नको, वहिनी. मी विचारून आलोय. चालतं." त्याने खिशात हात घातला, छोटी पत्र्याची डबी काढली आणि टीपॉयवर ठेवून उघडली. आत निळं ओलं पॅड होतं. "अंगठा चालतो."

मग हर्षवर्धन, जो या घरात फक्त सणावारी यायचा, त्यानेसुद्धा आधी आजोबांच्या फोटोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पप्पा, अहो, हे काय आणलंत?"

गमऱ्यांच्या घरातली ही गोष्ट चाळीतल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. सुंदराबाई नोकरीला लागल्या तेव्हा पगाराच्या खिडकीपुढे अंगठा लावायच्या. कारकून मान वर करायचा नाही, हात धरायचा, दाबायचा, पुढची. घरी आल्यावर त्या निळा अंगठा राखेने घासायच्या. शामराव गिरणीत बदली कामगार, सातवी पास. त्यांनी एक दिवस ते घासणं बघितलं. त्या दिवसापासून रोज पाळी संपवून आल्यावर ते जमिनीवर खडूने 'सुं' हे अक्षर काढायचे आणि बायको त्याच्यावर खडू फिरवायची. तीन महिने लागले. पहिल्यांदा सही करून पगार आणला त्या संध्याकाळी शामरावांनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. कुणी विचारलं, काय झालं, मुलगा? ते म्हणाले, आमच्या घरात आजपासून अंगठा बंद. मिलिंद तेव्हा चार वर्षांचा होता, पेढ्यांचं ताट त्यानेच धरलं होतं.

सुंदराबाई पलंगावरून उतरल्या. गुडघे धरत टीपॉयपर्यंत आल्या.

"मिलिंद, ती डबी मीट."

"आई, मी फक्त वहिनींना त्रास नको म्हणून..."

"मला माहीत हाय कशासाठी. मीट."

त्याने मिटली. त्याचे कान लाल झाले होते. पन्नाशीचा माणूस एका क्षणात ताट सांडलेल्या पोरासारखा दिसायला लागला आणि वैशालीला त्याची कीव आली. त्याने कपटाने काही केलं नव्हतं. दहा ठिकाणी विचारलं असेल, वहिनीचे हात डोळ्यापुढे आणले असतील, वाटेत दुकानात थांबून डबी घेतली असेल. फक्त हे घर कुणाचं आहे तेवढं विसरला.

"तिला जायचं तर जाऊ दे," सुंदराबाई म्हणाल्या. "हर्षूला नोकरी लागू दे, माझा नातू हाय तो, मला नको का? पण या घरातनं कागद जाईल तो सहीने जाईल. आणि वाचून जाईल. वाचलास का गो तू, वैशाली?"

वैशालीने वाचला नव्हता.

"पेन नाही धरता येत, आजी," नम्रता म्हणाली.

"झाडू कसा धरते मग?"

हर्षवर्धन उठला. दाराजवळ ठेवलेली पार्सलची पिशवी त्याने उघडली आणि आतून काळ्या रबराची गुंडाळी काढली. सायकलच्या ट्यूबची पट्टी. खोकी हलू नयेत म्हणून तो बांधायला वापरायचा. जमिनीवर मांडी घालून त्याने पेन घेतलं आणि त्याच्यावर पट्टी फिरवायला लागला, वेढ्यावर वेढा, ताणून. मध्ये एकदा त्याने ते काकूच्या तळहातावर ठेवून पाहिलं, मान हलवली, आणखी सात-आठ वेढे दिले. ज्या कागदाने त्याला नोकरी मिळणार होती त्याच कागदासाठी तो पेन जाड करत होता, म्हणून ते नीटच करत होता.

तोवर वैशालीने कागद वाचला. मिलिंदच्या ओळखीच्या कुणा लेखनिकाने टाइप केलेला होता. नाव, पद, आजार. मग तिसरी ओळ. सदर आजारामुळे मी कोणतेही काम करण्यास कायमची असमर्थ आहे.

ती ओळ तिने दोनदा वाचली. कोणतेही काम. पहाटे साडेतीनला उठणं, पाणी तापवणं, हात घालून बसणं, साडेसहाची हजेरी, कोपरांनी गाडी, दुपारी येऊन सासूच्या डोळ्यांत थेंब, संध्याकाळी डाळ, शनिवारी गोळी.

"भावजी, हे खोटं आहे," ती म्हणाली.

"तशीच भाषा असते त्यात."

"असेल. पण मी यावर सही नाही करणार." तिला स्वतःचाच आवाज थकलेला वाटला, त्यात चीड नव्हती. "मला झाडता येत नाही. हे खरं आहे, हे मी लिहून देईन. दोन वर्षं लपवलं, भिवाभाऊंच्या जिवावर. आता नाही लपवत. पण काहीच येत नाही, असं नाही लिहून देणार. नमू, तुझा कागद आण."

नम्रताने ड्रॉवर उघडला. मिलिंदने आपला कागद उचलून फाईलमध्ये ठेवला आणि फाईलचं बटण लावलं. ते बटण लागेना, तर तो ते दाबतच राहिला.

नम्रताचा अर्जही वैशालीने वाचला, अपंग या शब्दासकट. शब्द होता तिथेच होता. मग तिने हर्षवर्धनकडे हात केला. पेन आता केळ्याएवढं झालं होतं. बोटं वळवावी लागलीच नाहीत, नुसती टेकली. तिने वै काढला. वरच्या दोन्ही मात्रा भलतीकडे गेल्या. शा. थांबली, मनगट दुसऱ्या हाताने धरलं. ली. अभय. गमरे. चहा उकळून उतू जाईल एवढा वेळ लागला.

नम्रताने कागद हातात घेतला. वकिलीण होणार होती ती, तिला आधी दोष दिसला. "मम्मी, ऑफिसातल्या सहीशी ही जुळणार नाही."

"जुळंल कशी?" सुंदराबाई म्हणाल्या. "ती अकरा वर्षांमागची. ही आताची."

"तसं नाही आजी. खाली लिहावं लागेल, आजारामुळे सही बदलली आहे म्हणून. आणि दोन साक्षीदार. आमच्यासमोर केली असं."

"मग लिही. आण इकडं."

सुंदराबाईंनी चष्मा लावला, टीपॉयवर वाकल्या आणि शामरावांनी शिकवली तशी सही केली, प्रत्येक अक्षर सुटं, वर एक लांबलचक रेघ. सही झाल्यावर नेहमीप्रमाणे त्यांनी तिची अक्षरं बोटाने मोजली. मग पेन तसंच हातात धरून त्या उभ्या राहिल्या. दुसरा साक्षीदार कोण, हे त्यांनी विचारलं नाही. अर्ज नम्रतानेच लिहिलेला, तिची चालणार नाही असं तिनेच पुटपुटलं. हर्षवर्धनने हात पुढे केला नाही. तो बापाकडे बघत होता.

वैशालीला वाटलं, म्हणावं, भावजी नको, भिवाभाऊंची घेऊ. शब्द तोंडाशी आलेही. पण त्याला टाळून घराबाहेर सही मागत फिरणं हा त्याचा आणखी एक अपमान झाला असता. तिने कागद टीपॉयवर तसाच राहू दिला.

"पप्पा," हर्षवर्धन म्हणाला.

"ओरडू नकोस. ऐकतोय मी."

मिलिंद पुढे सरकला. आईच्या हातातून त्याने ते काळं, जाडजूड पेन घेतलं. त्याच्या धडधाकट बोटांना ते धरता येईना, दोनदा धरायची पद्धत बदलली, तरी अक्षर वाकडंच आलं. सही करून त्याने तारीख घातली. निळी डबी टीपॉयवर होती, ती उचलून खिशात टाकली. मग पेन वैशालीच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं त्याच्यावर हलकेच मिटवली.

"ही तिसरी, वहिनी," तो म्हणाला. "चौथी मागू नका."